कॅरीबॅग लागेल का?

काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "कॅरीबॅग लागेल का?" दिवसभर तेच विचारून तिच्या आवाजातलं प्रश्नचिन्ह कधीच झिजून गेलेलं असतं. समोरची उत्तरं मात्र तऱ्हेतऱ्हेची. कुणी आधीच सावध: "किती घेता?" कुणी "हो" म्हणून मोकळा होतो आणि बिल हातात आल्यावर, "अहो, हे बारा रुपये कसले?" कुणी काहीच न बोलता खिशातून चुरगळलेली पिशवी काढून झटकतो आणि मागच्या रांगेकडे एकदा विजयी नजरेनं पाहून घेतो. आणि एक जमात अशी की पिशवी नाही, पण पैसेही देणार नाही. साबण खिशात, तेलाची पिशवी काखेत, बिस्किटांचे पुडे शर्टात आणि बाकीचं हेल्मेटमध्ये. आपल्याकडे हेल्मेटनं डोकी किती वाचवली माहीत नाही, भाजी मात्र बरीच वाहून नेली.

*

दोन-अडीच हजारांची खरेदी करणारा माणूस बारा रुपयांसाठी का भांडतो, हे ज्याला कळत नाही त्यानं रांगेत उभं राहून ते भांडण ऐकावं. त्यात बारा रुपये फारसे नसतातच. "इतकं सामान घेतलं, वर पिशवीचे पैसे?" ही त्यातली मूळ तक्रार. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात एक न लिहिलेला करार असायचा. तुम्ही माझ्याकडून घेतलंत, मी ते नीट बांधून तुमच्या हाती दिलं. सराफ डबी देई, साडीवाला पिशवी देई, वाणी पुडा बांधून वर दोऱ्याची गाठ मारून देई. या सगळ्याची किंमत मालातच धरलेली असायची आणि ती कुणी विचारत नसे. आता तीच किंमत बिलावर वेगळी ओळ होऊन आली. माणूस भांडतो तो त्या ओळीशी.

*

पुरुष मंडळींबद्दल एक निरीक्षण. पिशवीच्या पैशांवरून आवाज चढवणारे बहुतेक पुरुष दिसतात. बायका कमी भांडतात, याचं कारण त्यांच्या पर्समध्ये घडीची पिशवी असते. ती कुणीतरी शिवून दिलेली असते, ओटीत आलेली असते, हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेली असते. पिशव्या लुटणं हे अलीकडच्या संक्रांतीचं ठरलेलं काम आहे. पुरुष मात्र अजूनही मोकळ्या हातानं घराबाहेर पडतो. मोबाइल, पाकीट, किल्ली झाली की त्याची तयारी झाली.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त खटकते. पिशवी घरून आणा, असं म्हणणाऱ्याच्या मनात खरेदीला म्हणून घरातून निघालेला माणूस असतो. संध्याकाळी सातच्या लोकलमधून उतरून, स्टेशनबाहेर मेथीची जुडी चांगली दिसली म्हणून थांबणारी बाई त्याच्या डोळ्यांसमोर नसते. तिची खरेदी ठरलेली नसते, वाटेत सुचलेली असते. डबा, छत्री, पाण्याची बाटली, ऑफिसचे कागद यांत पिशवी सांभाळण्याचं कामही तिच्याच डोक्यावर. "पूर्वी कसे सगळे कापडी पिशवी घेऊन जायचे" असं हळवं होऊन सांगणाऱ्या आजोबांना एकदा विचारावं, ती पिशवी धुऊन, वाळवून, खुंटीला कोण लावून ठेवायचं?

*

आता खरी गंमत. मोठ्या दुकानात शिरताना दारावरचा रखवालदार तुमची पिशवी अडवतो. "मॅडम, बॅग काउंटरला ठेवा." तिथं बिल्ला मिळतो. किंवा पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पट्टी आवळली जाते, म्हणजे ती घरी जाऊन कात्रीनंच उघडायची. मग तुम्ही आत तासभर फिरता, टोपली भरता, रांगेत उभे राहता आणि बिल होता होता प्रश्न येतो, कॅरीबॅग लागेल का? तुमची स्वतःची पिशवी दारावर बिल्ला क्रमांक अमुकवर लटकलेली. मागे रांग. मागचा ग्राहक घसा खाकरतोय. ट्रॉली बाहेर न्यायला मनाई. अशा वेळी दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का?

माझ्या मते सगळा संताप इथे आहे. किमतीत नाही, वेळेत आहे. हेच पैसे दारात सांगितले असते तर अर्धे लोक परत फिरून पिशवी घेऊन आले असते, उरलेल्यांनी निमूट दिले असते.

*

हे मी म्हणतोय एवढंच नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानं 22 डिसेंबर 2020 रोजी 'बिग बझार'च्या प्रकरणात जवळपास हेच म्हटलं. ग्राहकाला पिशवीचे अठरा रुपये लावले होते. आयोगाचं म्हणणं असं की दुकानात जायचं की नाही हे ठरवण्याआधीच ग्राहकाला कळलं पाहिजे की इथे पिशवीला पैसे पडतात, ती पिशवी कशी आहे आणि तिची किंमत काय. पैसे भरायच्या खिडकीशी आल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. स्वतःची पिशवी आत न्यायला आडकाठी करायची आणि शेवटी आपली पिशवी गळ्यात मारायची, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, ती बंद करा, असा आदेश झाला.

यात एक बारकावा लोक विसरतात. पिशवी फुकटच द्या, असं हा आदेश सरसकट म्हणत नाही. आयत्या वेळी, मनमानीनं पैसे लावू नका, असं म्हणतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश पहिलंच सांगत सुटतात, आणि ते वाचून आलेला गृहस्थ काउंटरवरच्या मुलीला कायदा शिकवतो. तिचा पगार काय, तिला अधिकार काय. ती म्हणते, "सर, सिस्टिममध्येच आहे." बरोबरच आहे तिचं.

*

त्याआधीचं चंदीगडचं प्रकरण तर ऐकण्यासारखं. 2019 ची गोष्ट. एका ग्राहकानं 'बाटा'च्या दुकानातून 399 रुपयांचे बूट घेतले. बिल झालं 402. वरचे तीन रुपये कागदी पिशवीचे. त्या पिशवीवर कंपनीचं नाव आणि जाहिरात. गृहस्थ ग्राहक मंचात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता: माझ्याच पैशांनी मलाच तुमची जाहिरात हातात धरून रस्त्यानं चालायला लावता? कंपनीनं पर्यावरणाचं कारण पुढे केलं. मंच म्हणाला, पर्यावरणाची एवढी काळजी आहे तर पिशवी फुकट द्या. तीन रुपये परत, वर भरपाई, खर्च आणि ग्राहकांच्या कायदेशीर मदतीसाठीची रक्कम धरून कंपनीला सुमारे नऊ हजारांचा भुर्दंड पडला.

तीन रुपयांसाठी मंचात जाणाऱ्या माणसाला आपण चारचौघांत 'रिकामटेकडा' म्हणतो. माझा त्याला दंडवत. असा एखादा रिकामटेकडा असतो म्हणून बाकीच्या कामातल्या लोकांना थोडा न्याय मिळतो. 2023 मध्ये बेंगळुरूच्या आयोगानं 'आयकिया'लाही वीस रुपयांच्या पिशवीवरून अशीच चपराक दिली. तिथेही पिशवीवर कंपनीचं बोधचिन्ह होतं.

*

विक्रीच्या 1930 च्या कायद्यात एक कलम आहे. माल देता येईल अशा स्थितीत आणण्याचा खर्च, वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्यानं सोसायचा. पिशवीच्या दाव्यांत हे कलम वकील हमखास बाहेर काढतात. ब्रिटिश काळातला कायदा, तेव्हा कॅरीबॅग नव्हती. पण वाण्याचा पुडा होता, आणि कायद्यानं त्याचा विचार नकळत करून ठेवला होता.

*

सरकारनं या प्रश्नात जेवढ्या वेळा दिशा बदलली तेवढ्या वेळा रिक्षावालाही बदलत नाही. 2011 च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं, दुकानदारानं प्लॅस्टिकची पिशवी फुकट द्यायची नाही. 2016 चे नियम आले. ज्याला प्लॅस्टिकची पिशवी द्यायची आहे त्यानं स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिना किमान चार हजार रुपये भरावेत आणि पिशवी विकावी. 2018 च्या मार्चमध्ये हे कलमच वगळलं गेलं. पिशवीची किमान जाडी आधी 50 मायक्रॉन होती, 30 सप्टेंबर 2021 पासून 75 झाली आणि 2022 संपताना 120. मंडईत मायक्रॉन मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? बोटांच्या चिमटीत धरून "चांगली जाड आहे की" म्हणणं हेच आपलं मोजमाप.

यातली मेख अशी: हे सगळे नियम प्लॅस्टिकच्या पिशवीचे. 'फुकट देऊ नका' हेही प्लॅस्टिकपुरतं. मोठ्या दुकानांनी तेवढी सवय उचलली आणि कागदी, कापडी पिशव्यांना लावली. ज्या पिशव्यांना प्रोत्साहन द्यायचं त्यांच्यावरच किंमत बसली आणि नाव झालं पर्यावरणाचं.

*

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. पाणी ओसरल्यावर मुंबईच्या नाल्यांतून, मिठी नदीतून जे निघालं त्यात पिशव्यांचे ढीग होते. राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली ती त्यानंतर. बांगलादेशनं तर 2002 मध्येच देशभर बंदी केली होती, तीही पुरांमध्ये गटारं तुंबल्याचा अनुभव घेऊन. पिशवीचा प्रश्न आपल्याकडे समुद्रातल्या कासवाच्या फोटोमधून आला नाही, घरात शिरलेल्या पाण्यातून आला. तरीही तो आपण पाणी ओसरेपर्यंतच लक्षात ठेवला.

*

2018. मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना, 23 जूनपासून अंमल. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पहिल्या आठवड्यातली मंडई आठवते. माणसं पिशवी लपवून नेत होती. मासळीबाजारात स्टीलचे डबे आले. चिकनवाल्याकडे घरून पातेलं घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना ओळखीचं कुणी दिसू नये असं वाटत होतं, ते मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुकानदारांच्या संघटना ओरडल्या आणि काही दिवसांतच किराणावाल्यांना वेष्टनात सवलती मिळाल्या. पावसाळा संपेस्तोवर काळ्या पिशव्या परतल्या, आधी गाड्याखाली, मग गाड्यावर.

*

भाजीवाल्या मावशींचं अर्थशास्त्र निराळं आहे. मॉलमध्ये पिशवी विकत, गाड्यावर फुकट. म्हणजे गरीब विक्रेता देतो आणि श्रीमंत दुकान घेतं. मी एकदा विचारलं, "मावशी, दोन रुपये का नाही लावत?" त्या म्हणाल्या, "लावीन की दादा. गिऱ्हाईक पलीकडच्या गाळ्यावर जातं, त्याचे पैसे कोण देणार?" पिशवीचा खर्च त्यांच्या नफ्यातून जातो आणि महापालिकेची गाडी आली तर दंडही त्यांनाच. घेणाऱ्याला सहसा कुणी पकडत नाही.

आणि घेणारे आपण कसे? मिरच्या वेगळ्या, कोथिंबीर वेगळी, टोमॅटो वेगळे. "मावशी, अजून एक द्या ना, फुटली तर?" मॉलमध्ये बारा रुपयांवरून तत्त्वाची भाषा करणारा हाच माणूस गाड्यावर चार पिशव्या जादा उचलतो. मॉलमधल्या त्याच्या रागाशी मी सहमत आहे. गाड्यावरच्या हक्काशी नाही.

*

न विणलेल्या पिशवीचं एक स्वतंत्र प्रकरण. दिसायला कापडासारखी, हाताला कापडासारखी, रंगीत, दोन बंद असलेली. शहरातल्या निम्म्या दुकानांत हीच. लोक तिला कापडी म्हणतात, दुकानदारही कापडी म्हणूनच पैसे घेतो. ती प्लॅस्टिकच असते, पॉलिप्रॉपिलीनची. जाळून पाहा म्हणणार नाही, पण वर्षभर गॅलरीत उन्हात टांगून ठेवा. हात लावताच भुगा होतो आणि तो भुगा झाडूनही जात नाही. महाराष्ट्रानं 2018 मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. केंद्राचा नियम म्हणतो, दर चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलकी नको. पाच रुपये देऊन 'कापडी' पिशवी घेतल्याचं समाधान मिळालेल्या ग्राहकाला हे सांगायला गेलं तर तो आपल्यावरच चिडतो.

*

आयर्लंडनं 4 मार्च 2002 पासून प्लॅस्टिकच्या पिशवीवर पंधरा सेंटचा कर लावला. त्याआधी तिथला माणूस वर्षाला अंदाजे 328 पिशव्या वापरी. करानंतर आकडा 21 वर आला. लोकांनी दंगा केला नाही. कारण दोन गोष्टी आधी झाल्या. महिनोन्‌महिने सगळीकडे सांगितलं गेलं, आणि पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात नाही तर सरकारच्या पर्यावरण निधीत जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिलावर तो वेगळा दाखवायचा हेही ठरलेलं. आपल्याकडेही तो वेगळा दाखवतात, पण जातो कुठे ते कुणी सांगत नाही.

इंग्लंडनं 5 ऑक्टोबर 2015 पासून पाच पेन्स लावले, फक्त मोठ्या साखळी दुकानांना. आदल्या दिवसांत वर्तमानपत्रांनी आता गोंधळ माजणार अशी आवई उठवली. काही विशेष माजला नाही. मोठ्या सुपरमार्केटांतला पिशव्यांचा खप पंचाण्णव टक्क्यांहून जास्त उतरला. 2021 च्या मे महिन्यात दर दहा पेन्स झाला आणि छोटी दुकानंही त्यात आली. दुकानांनी ते पैसे चांगल्या कामांना द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे आणि मोठ्या दुकानांना त्याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. सवलतींची यादी तर वाचनीय आहे. कच्चं मांस, सुटं बी-बियाणं, उघडी सुरी आणि पाण्यातला जिवंत मासा. म्हणजे माशाला पिशवी फुकट, माणसाला दहा पेन्स.

तिथे राहणाऱ्या एका मावसबहिणीला विचारलं, तुम्ही लोक भांडत नाही का? ती म्हणाली, "भांडायचं कोणाशी? मशीनवर मीच बिल करते, पिशव्या किती घेतल्या ते मीच टाकते." मग थोडं थांबून, "पण गाडीच्या डिकीत वीसेक पिशव्या आहेत. दर वेळी गाडीतच राहतात."

*

आपल्याकडेही काही दुकानदार म्हणतात, पैसे लावण्यापेक्षा पिशवी आणणाऱ्याला सूट देतो, लोक खूश होतील. खूश होतील, पिशवी आणणार नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात तात्याना होमोनॉफ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी याचा अभ्यास केला. पिशवीला पाच सेंट कर लावला तेव्हा दुकानाची पिशवी घेणारे ग्राहक जवळजवळ निम्म्यावर आले. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट बक्षीस दिलं तेव्हा जवळपास काहीच फरक पडला नाही. रक्कम तीच. फक्त एकदा ती खिशातून जात होती आणि एकदा खिशात येत होती. मिळालेले पाच रुपये आपण दोन मिनिटांत विसरतो, गेलेले पाच रुपये घरी जाऊन सांगतो. पिशवीचं शुल्क चालतं ते एवढ्याच जोरावर.

म्हणून मला शुल्क रद्द व्हावं असं वाटत नाही. ते कुठे सांगितलं जातं आणि कुणाच्या खिशात जातं, भांडण तिथे करावं.

*

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका किराणा दुकानाची 2019 ची युक्ती. पिशवीला पाच सेंट, शिवाय पिशवीवर लाज वाटेल असा मजकूर छापलेला: चामखिळीच्या मलमाचं घाऊक दुकान, असली काहीतरी नावं. अशी पिशवी हातात धरून रस्त्यानं जायची लाज वाटून लोक घरून पिशवी आणतील, असा हिशेब. झालं उलटंच. लोक मुद्दाम येऊन त्या पिशव्या मागू लागले, जमवू लागले. पुण्यात हा प्रयोग केला असता तर पिशवीवरच्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक दाखवायला रांग लागली असती.

*

फुकट पिशवी गेली की कचऱ्याचं काय? कॅलिफोर्नियातल्या शहरांनी बंदी केल्यावर कचऱ्यासाठीच्या छोट्या पिशव्यांचा खप दुपटीहून जास्त झाला, असं रेबेका टेलर यांच्या अभ्यासात आढळलं. वाचलेल्या प्लॅस्टिकचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा मागच्या दारानं परत आला. आमच्या सोसायटीत हे अभ्यासाविना माहीत आहे. आधी दुकानाच्या पिशवीत ओला कचरा जायचा, आता त्यासाठी काळ्या पिशव्यांचं भेंडोळं विकत येतं. कचरा न्यायला येणाऱ्या ताई सांगून थकल्या की डब्याला कागद लावा, पिशवी नको. कोण ऐकतं.

*

ज्यानं ही प्लॅस्टिकची पिशवी घडवली तो स्वीडनचा अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन. पेटंट 1965 चं. त्याच्या मुलानं पुढे सांगितलं की वडिलांना ती परत परत वापरायचीच वस्तू वाटत होती, स्वतः ते घडी करून खिशात ठेवत. एकदा वापरून फेकण्याची कल्पना आपली.

*

कापडी पिशवी म्हणजे पुण्य, असं धरून चालू नये. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्ये हिशेब मांडला. सर्व प्रकारचे परिणाम धरले तर सेंद्रिय कापसाची नवी पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला वीस हजार वेळा वापरावी लागते. समुद्रातला कचरा त्या हिशेबात नाही, हेही सांगायला हवं. पण मुद्दा कळतो. परिसंवादात एक, लग्नात एक, बँकेच्या वर्धापनदिनाला एक, उमेदवाराकडून एक, अशा जमलेल्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्या कपाटात पडून असतील तर त्यांनी काही वाचवलं नाही. जुन्या साडीची, जुन्या चादरीची पिशवी मात्र या हिशेबातून सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही. 2018 च्या बंदीनंतर अनेक बचत गटांनी अशा पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. बंदी ढिली झाली तशी त्यांची मागणीही ढिली झाली.

*

तामिळनाडूनं 2021 च्या डिसेंबरमध्ये 'मीण्डुम मंजप्पै' मोहीम सुरू केली. पिवळी कापडी पिशवी पुन्हा हाती घ्या. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात यंत्र बसवलं. दहा रुपये टाका, पिशवी घ्या. इथे पिशवीचे दहा रुपये कुणाला खुपले नाहीत. ते देताना मागे रांग नव्हती, पिशवीवर कुणा दुकानाचं नाव नव्हतं आणि आपली पिशवी कुणी दारात अडकवून ठेवली नव्हती.

*

दहा मिनिटांत घरी सामान आणून देणारी ॲपं आली. बिल उघडून पाहा. सामान हाताळण्याचे इतके, पोचवण्याचे इतके, पाऊस पडतोय म्हणून इतके. एवढं देऊन सामान येतं ते कागदी पिशवीत, आणि पिशवी फुकट मिळाली म्हणून आपण खूश. काउंटरवर बारा रुपयांना नडणारा माणूस फोनवर अंगठा ठेवून हे सगळं मान्य करतो. समोर चेहरा नसला की भांडण होत नाही, आणि भांडण नाही म्हणून तिथला आकडा वाढत राहिला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ग्राहक आयोगांनी आता इकडेही बघायला हवं.

*

दुकानदारांनी काय करावं हे अवघड नाही. पिशवीची किंमत दारावर, डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत लिहा. सध्याच्या पाट्या छताजवळ असतात आणि त्यांतली अक्षरं औषधाच्या बाटलीवरच्यासारखी. ग्राहकाची रिकामी पिशवी आत जाऊ द्या. चोरीची भीती असेल तर बिलानंतर तपासा, तशीही दारात पावती पंच करताच की. पिशवीवर तुमचं नाव छापायचं असेल तर पैसे घेऊ नका. पैसे घ्यायचे असतील तर कोरी द्या आणि त्या पैशांचं काय केलं ते वर्षातून एकदा त्याच पाटीखाली लिहा.

*

आणि ग्राहकानं. काउंटरवरच्या मुलीवर ओरडून काही होत नाही. दारावर पाटी नव्हती, पिशवी आत नेऊ दिली नाही आणि बिलावर पिशवीची ओळ आली, तर बिल फाडू नका. पाटी नसलेल्या दाराचा एक फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.